बाटली बघू नका, तास मोजा

कार्बन डायऑक्साइड आणि वाफेपासून इंधन बनवण्याच्या प्रकल्पांना निधी मंजूर करणाऱ्या समित्यांच्या सदस्यांना खुलं पत्र

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

सादरीकरण संपत आलं की बाटली फिरते. मुठीत मावेल एवढी, काचेची, आत पाण्यासारखा नितळ द्रव. जो तो ती उजेडाकडे धरतो, बूच काढून हुंगतो आणि डिझेलचा भपकारा येत नाही म्हणून शेजारच्याकडे बघतो. आत गंधक नाही, बेंझीनच्या कुळातली संयुगं जवळजवळ नाहीत, मग भपकारा येणार कुठून? तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "कालपर्यंत हे धुराड्यातून हवेत जात होतं," आणि निम्मा प्रस्ताव तिथेच मंजूर होतो. अशा बैठकांना मी बसले आहे. टेबलाच्या तुमच्या बाजूला नव्हे, बाटली घेऊन येणाऱ्यांच्या बाजूला. त्या बाटलीमागच्या भट्टीवर मी बरीच वर्षं काढली, म्हणून हे पत्र.

बाटली खोटी नसते, हे आधीच सांगते. तिच्यातलं इंधन खरोखरच कार्बन डायऑक्साइड आणि वाफेपासून झालेलं असतं. पण असं इंधन होतं की नाही, हा प्रश्न आता कोणाला पडलेलाच नाही. पॉल साबातिए यांनी निकेलवर हायड्रोजन खेळवून मिथेन केला तो १९०२ च्या सुमारास. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून द्रव इंधन केलं १९२० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि १९५५ पासून दक्षिण आफ्रिका कोळशाचा वायू करून याच वाटेने गेली. आजच्या प्रकल्पांत ज्या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन पलीकडे जातात, त्या जातीचं सिरॅमिक वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये दिव्याच्या कांडीसाठी वापरलं होतं. तेव्हा बाटली बघून टाळ्या वाजवणं म्हणजे केव्हाच लागलेल्या निकालाचा आज जल्लोष करणं. निकाल लागायचा आहे तो वेगळ्याच गोष्टींचा. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विजेने फोडणारी पेटी किती तास टिकते, तिला वाफ कोण पुरवतं, आणि तिच्यात जाणारा कार्बन मुळात कोणाचा? यातलं काहीही बाटली सांगू शकत नाही.

त्या पेटीतली सेल नावाची वस्तू तुमच्यापैकी अनेकांनी फक्त आकृतीत पाहिली असेल. प्रत्यक्षात ती हाताच्या पंजाएवढी चौकोनी पातळ चकती असते, आणि भट्टीत जाण्याआधी चक्क हिरवी असते, कारण तिच्या जाड थरात निकेल ऑक्साइड भरलेलं असतं. भट्टी तापवून त्या बाजूने हायड्रोजन सोडला की ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून जातो, धातुरूप निकेल उरतं आणि चकती राखाडी होते. ऑक्सिजन गेल्याने मोकळी झालेली जागा म्हणजे बारीक छिद्रं. पुढे त्यांतूनच वाफ आत शिरते आणि हायड्रोजन बाहेर येतो. या थरावर इट्रिया मिसळलेल्या झिर्कोनिया या सिरॅमिकचा पापुद्रा असतो, जेमतेम दहा मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. गार असताना तो काचेसारखाच विद्युतरोधक. सातशे-आठशे अंश सेल्सिअसला मात्र ऑक्सिजनचे आयन त्यातून वाट काढू लागतात. बाकी कोणाला तो वाट देत नाही.

विजेचा दाब दिला की ऋणाग्रावर, म्हणजे निकेलच्या थरात, वाफेतला ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन घेऊन आयन होतो, पापुद्रा ओलांडतो आणि पलीकडे शुद्ध ऑक्सिजन होऊन निघून जातो. अलीकडे राहतो हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइडचंही तेच होतं. त्यातला एक ऑक्सिजन जातो, कार्बन मोनॉक्साइड राहतो. दोन्ही एकत्र सोडले तर फिशर-ट्रॉप्श अभिक्रियेला हवं असतं तसं, दोन भाग हायड्रोजनला एक भाग मोनॉक्साइड या प्रमाणाचं मिश्रण एकाच पेटीतून बाहेर येतं. त्याला आम्ही सिंगॅस म्हणतो. (त्यातला किती मोनॉक्साइड विजेने थेट होतो आणि किती हायड्रोजनने निकेलवर कार्बन डायऑक्साइडला गाठल्यामुळे, यावर आमच्या जमातीत अजून भांडणं होतात. समितीने त्यात पडू नये.)

आता उष्णता. प्रस्तावांत सर्वांत जास्त घोळ इथेच असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी असतो. एक सदस्य विचारतात, "आठशे अंश म्हणजे केवढी ऊर्जा वाया!" प्रस्तावक उत्तर देतात, "कारखान्यात वाया जाणारी उष्णता वापरू." दोघेही चुकतात.

द्रवरूप पाण्याचा एक मोल फोडायला एकूण २८६ किलोज्यूल लागतात. त्यातले सुमारे ४४ नुसत्या वाफ करण्यात जातात, म्हणजे तो अप्रकट उष्मा. वाफ आयती मिळाली तर हे ४४ विजेच्या खात्यातून वजा झाले. शिवाय तापमान वाढेल तसा विजेनेच द्यावा लागणारा वाटा कमी होतो. २५ अंशांना पाण्यासाठी किमान १.२३ व्होल्ट लागतात, ८०० अंशांना वाफेसाठी एक व्होल्टला किंचित कमी. पण प्रत्यक्षात एवढ्या कमी दाबावर सेल कोणी चालवत नाही, कारण मग अभिक्रिया उष्णता शोषत राहते आणि सेल गार पडत जातो. दाब १.२९ व्होल्टच्या आसपास नेला की सेलच्या अंगच्या रोधामुळे सुटणारी उष्णता आणि अभिक्रियेने शोषलेली उष्णता यांचा मेळ बसतो. कार्बन डायऑक्साइडसाठी हा आकडा सुमारे १.४७, मिश्रणासाठी दोहोंच्या मधला कुठेतरी. त्या बिंदूवर सेलला बाहेरून आठशे अंशांची उष्णता लागतच नाही. आत येणारे वायू बाहेर जाणाऱ्या वायूंच्या उष्णतेवर तापवून घेतले की झालं.

म्हणून "आठशे अंशांची टाकाऊ उष्णता" असं प्रस्तावात वाचलंत तर पेन्सिल उचला. ज्याच्याकडे आठशे अंशांची उष्णता शिल्लक आहे तो आधी तिच्यावर वीज करेल, तुम्हाला फुकट कशाला देईल? सेलला बाहेरून हवी असते ती दीडशे-दोनशे अंशांची साधी वाफ. ती कोण देणार, वर्षाचे किती तास देणार, आणि देणाऱ्याने तसं लिहून दिलं आहे का, एवढंच विचारा. मी पाहिलेल्या बऱ्याच आराखड्यांत वाफेच्या नळीला एक बाण असतो आणि बाणाच्या मागच्या टोकाला काहीच नसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

या जागी एक देखणी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिशर-ट्रॉप्श अभिक्रिया उष्णता सोडते, कार्बनच्या प्रत्येक मोलमागे साधारण १६५ किलोज्यूल, आणि तीही दोनशेच्या वरच्या तापमानाला. तेवढ्या इंधनासाठी दोन मोल पाण्याची वाफ करावी लागते, म्हणजे ८८ किलोज्यूल. इंधन बनताना सुटलेल्या उष्णतेत पुढच्या इंधनाची वाफ होऊन वर उरतं! दोन्ही यंत्रं एका छपराखाली आणून त्यांच्या नळ्या खरंच एकमेकींना जोडल्या तर. सेल एका गावी, फिशर-ट्रॉप्श दुसऱ्या गावी आणि मधे सिलिंडरचा ट्रक असा प्रस्ताव आला तर हा सगळा फायदा रस्त्यातच सांडला असं समजा.

फायदा किती, तेही सांगते. पाणी फोडणाऱ्या कमी तापमानाच्या संचांना एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. वाफेवर १.२९ व्होल्टला चालणाऱ्या सेलला हिशेबाने ३४ च्या आसपास पुरते, पूर्ण संच धरून चाळिशीच्या जवळपास. हा फरक खरा आहे, मोठा आहे, आणि मी या तंत्रज्ञानाच्या बाजूची आहे ती याच फरकामुळे. युरोपातल्या हेल्मेथ प्रकल्पाने विजेपासून मिथेन करताना ७६ टक्के कार्यक्षमता दाखवली तीही वाफेची अशीच देवाणघेवाण करून.

पण टक्के पहिल्या आठवड्याचे असतात. हे मला कसं कळलं ते सांगते.

आमची एक चाचणी चौथ्या महिन्यात होती. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र, स्थिर प्रवाह, आलेख इतका सपाट की बघायला कंटाळा यावा. त्या रात्री वीज गेली. बॅटरीवर काय काय ठेवायचं हे ठरवताना कोणीतरी नोंदी ठेवणारा संगणक बॅटरीवर ठेवला होता आणि निकेलचं पुन्हा ऑक्साइड होऊ न देणाऱ्या हायड्रोजनची झडप ठेवली नव्हती. त्यामुळे पुढे काय झालं त्याची नोंद अगदी नीटनेटकी मिळाली. झडप मिटली, हायड्रोजन थांबला, भट्टी आठशे अंशांना तशीच धगधगत होती आणि वाफ व कडेने झिरपणारी हवा निकेलपर्यंत पोचली. निकेलचं ऑक्साइड झालं की त्याचं आकारमान सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढतं. दहा मायक्रॉनच्या पापुद्र्याने ते कसं सोसावं? सकाळी पडद्यावर दिसलं ते एवढंच, की विजेचा दाब एकदम कोसळला होता आणि परत वर आलाच नाही. भट्टी सावकाश गार करायला दीड दिवस गेला. उघडली तेव्हा चकतीला एका कोपऱ्यातून आरपार तडा होता आणि कडेकडेने ती पुन्हा हिरवी झाली होती.

अहवालात लिहिलं गेलं, "बाह्य कारणामुळे चाचणी समाप्त." तास लिहिले, ते खरे होते. कार्यक्षमता लिहिली ती मात्र पहिल्या आठवड्यातली. तीही खरीच होती. खोटं एक अक्षर नव्हतं आणि वाचणाऱ्याला कळावं असंही काही नव्हतं. पुढच्या टप्प्याचा निधी मिळाला. झडप बॅटरीवर घ्यायला लागणारा किरकोळ खर्च मात्र अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा, यावर आमच्याकडे तीन पत्रं झाली.

वीज जाणं हा अपघात. पण अपघात झाला नाही तरी सेल झिजतोच, आणि झिजेची कारणं बाटलीइतकी देखणी नसतात. निकेलचे कण तापमानाने एकमेकांत मिसळून जाडे होतात, पापुद्र्यापासून दूर सरकतात. कडा बंद करायला वापरलेल्या काचेतलं सिलिका वाफेबरोबर उडतं आणि नेमकं जिथे काम चालतं तिथे जाऊन बसतं. सेल एकमेकांना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्यांतलं क्रोमियम दुसऱ्या बाजूच्या धनाग्राला, म्हणजे जिथून ऑक्सिजन बाहेर पडतो त्या थराला, विषासारखं लागतं. प्रवाह फार वाढवला तर ऑक्सिजनच्या दाबाने तो धनाग्र पापुद्र्यापासून सुटतो. कार्बन डायऑक्साइडमधून आलेला गंधक दशलक्षात एखादा भाग असला तरी निकेलला बाधतो. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेत दिसून आलं होतं, की आत सोडायचे वायू आधी नीट गाळून घेतले तर झिजेचा बराच भाग आपोआप नाहीसा होतो. म्हणजे दोष सगळा सेलचा नसतो, नळीचाही असतो. प्रयोगशाळेत आपण सिलिंडरमधला शुद्ध कार्बन डायऑक्साइड वापरतो आणि प्रस्तावात लिहितो "धुराड्यातला". या दोन शब्दांच्या मधे गाळणीचं एक अख्खं यंत्र उभं असतं, ते आराखड्यात दाखवलं आहे का ते बघा.

आणि नुसत्या वाफेचा अनुभव दोन्ही वायूंच्या मिश्रणाला लावू नका. कार्बन मोनॉक्साइड गार होताना त्याच्यातून कार्बन सुटून साचतो. आमच्या एका संचाची बाहेर जाणारी नळी उघडली तेव्हा आतून काजळीसारखी भुकटी गळाली. सहकाऱ्याने सहज चुंबक जवळ नेलं तर ती चिकटली. नुसती काजळी नव्हती ती, नळीचंच पोलाद होतं! पाचशे-सहाशे अंशांच्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइड पोलादात शिरून त्याची अशी पूड करतो. सेल शाबूत, नळी खलास. प्रस्तावात नळ्यांवर किती पानं होती असं तुम्हाला वाटतं?

साधा गुणाकार करून बघा. दर हजार तासांना अर्धा टक्का झीज म्हणजे ऐकायला काहीच नाही. वर्षाचे ८,७६० तास. पाच वर्षं अखंड चालवला तर बावीस टक्के गेले. झीज एक टक्का असेल तर चव्वेचाळीस. तोवर सेल बदललेले असणार, आणि ते किती वेळा बदलावे लागतील यावर लिटरचा भाव ठरणार. जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात एक संच ऑगस्ट २००७ मध्ये सुरू केला आणि तो ७०० अंशांना अकरा वर्षांहून अधिक काळ, एक लाख तासांपर्यंत चालवला. पण तो इंधनघट म्हणून, म्हणजे उलट्या दिशेने, वीज करत होता. वीज घेऊन वाफ फोडणाऱ्या एका सेलचा २३,००० तासांचा अनुभव जर्मनीतच नोंदला गेला आहे, आणि तो वाफेचा, मिश्रणाचा नव्हे. तुमच्यासमोर येणाऱ्या प्रस्तावात "सिद्ध झालेलं तंत्रज्ञान" असं वाचलंत की विचारा, कोणत्या दिशेने, कोणत्या वायूवर, किती तास?

तासांतूनच खरी माहिती बाहेर येते, नुसत्या वाईट बातम्याच नाहीत. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की जोरकस प्रवाहावर सलग वाफ फोडत राहिलेला सेल आतून पार खराब होतो, पण तोच सेल काही वेळ वाफ फोडायला आणि काही वेळ वीज करायला असा आलटून पालटून चालवला तर ४,००० तासांनंतरही तसं नुकसान दिसत नाही. हे दोन दिवसांच्या प्रात्यक्षिकात कधीच कळलं नसतं. कोणीतरी महिनोन् महिने तो कंटाळवाणा सपाट आलेख बघत बसलं म्हणून कळलं. आणि नेमकं तेच काम तुमच्या मंजुरीच्या यादीत सर्वांत खाली असतं, कारण त्याच्या शेवटी फिरवायला बाटली नसते.

प्रात्यक्षिकांना माझा विरोध नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये ड्रेस्डेनच्या संचातलं पाच लिटर डिझेल जर्मनीच्या तेव्हाच्या शिक्षण व संशोधन मंत्री योहाना वांका यांनी स्वतःच्या सरकारी गाडीत ओतलं आणि ती बातमी जगभर गेली. ठीक आहे, नव्याचे नऊ दिवस. मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०१९ चा कार्ल्सरूहेचा कंटेनर. हवेतून कार्बन डायऑक्साइड पकडणं, वाफेसोबत तो फोडणं, सिंगॅसपासून इंधन करणं आणि ते शुद्ध करणं ही चारही कामं तिथे एका रांगेत जोडली होती. दिवसाला मिळायचं ते दहा लिटरच्या आसपास. पण चार यंत्रांच्या नळ्या एकमेकींना जोडल्या की काय काय रुसतं, ते चार वेगळ्या खोल्यांतल्या चार यशस्वी चाचण्या कधी सांगत नाहीत. हिशेब कसा मांडावा हे बघायचं असेल तर मंगळाकडे बघा. पर्सिव्हिअरन्स बग्गीतल्या मोक्सी या छोट्या पेटीने तिथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड याच जातीच्या सेलने फोडला. २० एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा ५.४ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. नासाने तो आकडा ग्रॅममध्येच सांगितला. "मानवजातीला पुरेल" वगैरे पुढचं लोकांनी लिहिलं.

तासांचाच दुसरा पदर म्हणजे "जास्तीची वीज". दुपारी सूर्याची वीज उरते, ती वापरू, असं प्रत्येक प्रस्तावात असतं. सिरॅमिकला सतत गरम-गार होणं मानवत नाही. मिनिटाला एक अंश या चालीने तापवायचं तर आठशे अंश गाठायला तेरा तास लागतात, तोवर सूर्य केव्हाच मावळलेला असतो. म्हणजे भट्टी रात्रभर गरम ठेवायची, तिला वीज किंवा वायू द्यायचा, किंवा रात्री उलटी चालवून वीज करून घ्यायची. हे होऊ शकतं, पण ते हिशेबात हवं. वर्षाला दोन हजार तास चालणाऱ्या कारखान्याच्या भांडवलाचा भार प्रत्येक लिटरवर अखंड चालणाऱ्याच्या चौपटीहून जास्त पडतो. फुकटच्या विजेने तो भरून निघतो का, हे पाटीवर मांडून दाखवायला सांगा.

कार्बन कोणाचा, हा प्रश्न मी शेवटाकडे ठेवला कारण त्यावर सभ्य माणसंही चिडतात. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा एक लिटर बनवायला किमान तेवढा आत गेला पाहिजे. तो कोळशाच्या धुराड्यातून घेतला आणि इंधन गाडीत जाळलं, तर खाणीतला कार्बन शेवटी हवेतच गेला. वाटेत एकदा जास्तीचं काम करून गेला, एवढंच. दोन टन जाणार होता तिथे एक टन गेला, ही बचत खरी आहे. पण ती एकाच वहीत लिहिता येते. धुराड्याच्या मालकाने "आम्ही उत्सर्जन थांबवलं" म्हणायचं आणि गाडीच्या मालकाने "आमचं इंधन कार्बनमुक्त" म्हणायचं, हे दोन्ही एकदम होत नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमांत याची मुदतच घातली आहे. वीजनिर्मितीतला खनिज कार्बन अशा इंधनासाठी २०३६ पर्यंत धरला जाईल, इतर कारखान्यांतला २०४१ पर्यंत, पुढे नाही. आज मंजूर होणारा कारखाना उभा राहून पैसे फेडायला लागेल तोवर ही मुदत दाराशी आलेली असेल.

सिमेंटचं प्रकरण थोडं निराळं. तिथल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे साठ टक्के चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो, भट्टीचं इंधन बदलून तो थांबत नाही. जैववायू शुद्ध करताना किंवा आंबवण्याच्या टाक्यांतून निघणारा त्याहून बरा, कारण तो जवळजवळ शुद्ध असतो आणि मुळात झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो. आणि थेट हवेतून पकडायचा म्हटलं तर हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास. एका लिटरपुरता गोळा करायला, एकही रेणू न निसटता, तीन हजारांहून जास्त घनमीटर हवा गाळावी लागते. अशक्य नाही. पण "हवेतून इंधन" हे दोन शब्द उच्चारायला जितके सोपे, तितके पंखे स्वस्त नाहीत.

इंधन झालं तर ते कशात ओतायचं? माझा कागदावरचा हिशेब असा, की सगळं आदर्श धरलं तरी एका लिटर डिझेलमागे सेलमध्येच तेरा युनिटच्या आसपास वीज जाते. गाळणं, दाबणं, पकडणं, शुद्ध करणं आणि वाटेतली गळती धरली की वीस युनिटपर्यंत पोचतं. त्या लिटरवर मोटार पंधरा-वीस किलोमीटर जाईल. त्याच वीस युनिटवर विजेची मोटार शंभराच्या वर जाते. जिथे बॅटरी चालते तिथे हे इंधन ओतणं म्हणजे एवढ्या कष्टाने वाचवलेली वीज जाळून टाकणं. विमानाचं तसं नाही. एक किलो केरोसीनमध्ये साधारण बारा युनिट ऊर्जा असते, बॅटरीचा आख्खा संच किलोमागे पाव युनिटही धड देत नाही. लांबच्या विमानांना आणि जहाजांना दुसरा रस्ता आज तरी दिसत नाही. युरोपात २०५० पर्यंत विमानांच्या इंधनातला ३५ टक्के वाटा अशा कृत्रिम इंधनाचा असावा असा कायदा आहे, तो याच कारणाने. मोटारींसाठी प्रस्ताव आला तर तो बाजूला ठेवायला माझी हरकत नाही, मग बाटली कितीही नितळ असो.

तुमच्याकडे मागणं फार नाही. निधीचा काही भाग आधीपासूनच नुसत्या तासांसाठी राखून ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष धुराड्यातल्या, गाळलेल्या वायूवर वर्षभर चालणाऱ्या चाचण्यांसाठी. कार्यक्षमता पहिल्या दिवसाची मागता तशीच शेवटच्या दिवसाचीही मागा, आणि दोन्ही एकाच ओळीत छापायला लावा. चाचणी का थांबली ते "बाह्य कारण" या दोन शब्दांत लिहू देऊ नका. वीज गेली असेल तर वीज गेली लिहा, झडप विसरली असेल तर झडप विसरली लिहा. जो संशोधक तुटलेला सेल दाखवतो त्याचे गुण कापू नका, कारण आज तुम्ही कापता, आणि आम्ही सगळे ते ओळखून आहोत. वाफेचा बाण जिथून निघतो त्या टोकाला एक नाव आणि एक सही मागा. झडप बॅटरीवर घेण्याचा खर्च कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा तेही एकदा ठरवून टाका, म्हणजे पत्रं वाचतील.

तो हिरव्या कडेचा, तडा गेलेला सेल मी टाकून दिला नाही. कापसात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला आहे. पुढच्या बैठकीत बाटली फिरेल तेव्हा तिच्यामागून तोही फिरवायचा असेल तर कळवा, पाठवून देईन. फक्त हाताळताना जपायला सांगा, कडा धारदार आहेत.

आपली नम्र,
भट्टीवर रात्रपाळ्या केलेली एक अभियंता